अळंबी, जड धातू आणि जमिनीचे शुद्धीकरण : एका कल्पनेचा इतिहास

प्रस्तावना

वनस्पतिशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र या विषयांच्या चर्चासत्रांत एक विधान वारंवार ऐकू येते. अळंबी जमिनीतील जड धातू शोषून घेते, म्हणून अळंबीच्या साहाय्याने दूषित जमीन शुद्ध करता येईल, असे ते विधान होय. पदव्युत्तर स्तरावरील अनेक प्रकल्पांची सुरुवातही याच गृहीतापासून होते. या विधानाचा पूर्वार्ध शंभराहून अधिक वर्षांच्या निरीक्षणांवर उभा आहे आणि त्याविषयी वाद नाही. उत्तरार्ध मात्र बराच अलीकडचा असून तो पूर्वार्धाला ‘म्हणून’ या एका शब्दाने जोडला गेला आहे. हा ‘म्हणून’ विज्ञानाच्या इतिहासात केव्हा आणि कोणत्या मार्गाने आला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभी काही संज्ञांचा खुलासा करणे आवश्यक आहे. आपण जिला अळंबी किंवा भूछत्र म्हणतो ते कवकाचे केवळ फळ होय. खरे कवक म्हणजे जमिनीत, लाकडात किंवा पालापाचोळ्यात पसरलेले सूक्ष्म तंतूंचे जाळे. त्यास कवकजाल असे म्हणतात. काही कवके मृत सेंद्रिय द्रव्यावर जगतात, तर काही झाडांच्या मुळांशी सहजीवन करतात. मूळ आणि कवक यांच्या या जोडीला जर्मन शास्त्रज्ञ ए. बी. फ्रँक यांनी १८८५ मध्ये ‘मायकोरायझा’ हे नाव दिले. मराठीत त्यासाठी संकवक ही संज्ञा आहे. ‘जड धातू’ ही संज्ञाही सैल अर्थाने वापरली जाते. शिसे, कॅडमियम, पारा यांच्याबरोबर रूढीने आर्सेनिकचाही त्यात समावेश होतो, जरी ते काटेकोरपणे धातू नसले तरी. पुढील विवेचनात हाच रूढ अर्थ घेतला आहे.

आपल्याकडे अळंबीविषयीचा संशय जुनाच आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातील निषिद्ध पदार्थांत छत्राकाचा उल्लेख येतो. त्या निषेधाचा धातूंशी अर्थातच काही संबंध नाही. तथापि अळंबी जेथे उगवते तेथील गुणदोष ती आपल्या अंगी घेते, ही समजूत लोकव्यवहारात दीर्घकाळ होती, आणि रसायनशास्त्राने पुढे जे सिद्ध केले ते या समजुतीपासून फार दूर नाही.

हिरवा रंग आणि लसणाचा वास

कवक आणि विषारी मूलद्रव्य यांच्या संबंधाचा शास्त्रीय इतिहास शेतात सुरू होत नाही. तो युरोपातील मध्यमवर्गीय घरांच्या दिवाणखान्यात सुरू होतो. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शील यांनी १७७५ मध्ये तांबे आणि आर्सेनिक यांपासून एक तेजस्वी हिरवे रंगद्रव्य तयार केले. पुढे १८१४ च्या सुमारास जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे त्याहून टिकाऊ हिरवा रंग तयार होऊ लागला. तोही आर्सेनिकयुक्तच होता. एकोणिसाव्या शतकात भिंतींवर चिकटवायच्या वॉलपेपरची आवड सर्व थरांत पसरली आणि त्याबरोबर हा हिरवा रंग हजारो घरांत शिरला. अशा घरांतील माणसे, विशेषतः मुले, आजारी पडू लागली. ओलसर खोल्यांत लसणासारखा किंवा उंदरांच्या वासासारखा एक चमत्कारिक दर्प येतो, अशाही तक्रारी होऊ लागल्या. हायडेलबर्गचे रसायनशास्त्रज्ञ लिओपोल्ड ग्मेलिन यांनी १८३९ मध्ये वर्तमानपत्रातून लोकांना या कागदांविषयी जाहीर इशारा दिला. आर्सेनिकची पूड झडून श्वासात जाते, हे एक स्पष्टीकरण उपलब्ध होते. परंतु त्याने वासाचा उलगडा होत नव्हता.

हा उलगडा इटालियन वैद्यक बार्तोलोमेओ गोसिओ यांनी १८९० च्या दशकाच्या आरंभी केला. त्यांची पद्धत साधी होती. उकडलेल्या बटाट्याच्या लगद्यात आर्सेनिकचे संयुग मिसळून तो लगदा त्यांनी तळघरातील हवेत उघडा ठेवला. लगद्यावर बुरशी चढली आणि काही दिवसांत तोच लसणासारखा दर्प येऊ लागला. त्या बुरशीतून त्यांनी जे कवक वेगळे केले त्याचे त्या वेळचे नाव पेनिसिलियम ब्रेव्हिकॉल. आज त्यास स्कोप्युलॅरिऑप्सिस ब्रेव्हिकॉलिस म्हणतात. कागद चिकटवण्याच्या खळीवर हे कवक वाढते आणि रंगातील घन आर्सेनिकचे वायूत रूपांतर करते, असा गोसिओ यांचा निष्कर्ष होता. या वायूला पुढे ‘गोसिओ वायू’ असे नाव पडले. (याच गोसिओ यांनी १८९३ मध्ये खराब झालेल्या मक्यावरील बुरशीतून मायकोफेनॉलिक आम्ल वेगळे केले. प्रत्यारोपित अवयव शरीराने नाकारू नये यासाठी आज दिल्या जाणाऱ्या एका महत्त्वाच्या औषधाचा तो आधार आहे. त्यांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते, ही खेदाची बाब म्हटली पाहिजे.) गोसिओ वायूची रासायनिक ओळख पटण्यास आणखी चार दशके लागली. लीड्स येथील फ्रेडरिक चॅलेंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकाच्या प्रारंभी तो ट्रायमिथाइल आर्सिन असल्याचे दाखवून दिले.

या प्रकरणातील दोन बाबी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, कवकाने आर्सेनिक नष्ट केले नाही. ते भिंतीवरून हवेत गेले. मूलद्रव्य तेवढेच राहिले. त्याचे स्थान आणि रूप बदलले. भिंतीच्या दृष्टीने पाहिले तर हे शुद्धीकरण होते, आणि खोलीत झोपणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ते नेमके उलटे होते. दुसरी बाब अशी की, गोसिओ यांनी या कवकाचा उपयोग सुचवला तो आर्सेनिक ओळखण्यासाठी. संशयित पदार्थात हे कवक वाढवावे आणि लसणाचा वास येतो का ते पाहावे, अशी ती परीक्षा असून ती अत्यंत सूक्ष्म प्रमाणातील आर्सेनिकही दाखवीत असे. म्हणजे या इतिहासात कवकाची पहिली नेमणूक साक्षीदार म्हणून झाली. घर स्वच्छ करण्यासाठी भिंतीवर बुरशी वाढवावी, असे त्या काळी कोणाला सुचले नाही, आणि सुचणे शक्यही नव्हते.

येथे एक दुरुस्ती नोंदवणे अगत्याचे आहे. ट्रायमिथाइल आर्सिनमुळेच त्या घरांत मृत्यू झाले, ही समजूत शतकभर पाठ्यपुस्तकांतून पुनरुक्त होत राहिली. कलेन आणि बेंटली यांनी २००५ मध्ये सर्व पुराव्यांची फेरतपासणी करून हा वायू मानला गेला तितका विषारी नसल्याचे प्रतिपादन केले. कवक आर्सेनिक हलवते हा गोसिओ यांचा शोध त्यामुळे बाधित होत नाही. मात्र एखादे विधान केवळ पुनरुक्तीने किती काळ टिकू शकते याचे हे उत्तम उदाहरण आहे.

मोजमापाचे पर्व

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अळंबीतील धातूंविषयीचे संशोधन तुरळकच होते. लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली, परीकथांच्या चित्रांत हमखास दिसणारी अमानिटा मस्कारिया ही अळंबी व्हॅनेडियम हा धातू मोठ्या प्रमाणात साठवते, असे टेर म्यूलन यांनी १९३१ मध्ये नोंदवले. जमिनीत व्हॅनेडियम विशेष नसतानाही ही अळंबी ते गोळा करते. ज्या संयुगाच्या रूपात ते साठवले जाते ते अमाव्हाडिन १९७२ मध्ये बायर आणि क्नाइफेल यांनी वेगळे केले. अळंबीला या धातूचा उपयोग काय, हा प्रश्न मात्र आजही वादातीत सुटलेला नाही.

खरी गती आली ती दोन कारणांनी. ऑस्ट्रेलियातील ॲलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये अणुशोषण वर्णपटमितीची पद्धत मांडली आणि पुढील दशकात तिची उपकरणे प्रयोगशाळांत पोहोचली. दशलक्ष भागांत एखादा भाग एवढ्या अल्प प्रमाणातील धातू नेमाने मोजणे त्यामुळे शक्य झाले. दुसरे कारण जपानमधून आले. मिनामाता येथील पाऱ्याच्या विषबाधेची अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली; जिंझू नदीच्या खोऱ्यातील ‘इताई-इताई’ या हाडांच्या वेदनामय आजाराचे कारण खाणीतून आलेले कॅडमियम असल्याचे जपानी शासनाने १९६८ मध्ये मान्य केले. अन्नातून येणारे धातू हा आता आरोग्याचा प्रश्न झाला होता, आणि मध्य युरोपात जंगलातील अळंबी हे आवडीचे अन्न होते.

त्यामुळे १९७० च्या दशकात सर्वेक्षणांची एक मालिकाच सुरू झाली. स्वित्झर्लंडमध्ये स्टैव्ह आणि बेसाँ यांनी १९७६ मध्ये ॲगॅरिकस प्रजातीच्या अळंब्यांतील पारा, कॅडमियम, शिसे आणि सेलेनियम यांची मोजमापे प्रसिद्ध केली. ॲगॅरिकस म्हणजे आपल्या बाजारातील बटण अळंबीचे कुल. त्याच्या काही रानटी जातींत कॅडमियमचे प्रमाण लक्षणीय आढळले. तत्कालीन चेकोस्लोव्हाकियातील प्रिब्राम येथील शिसे वितळवण्याच्या कारखान्याच्या परिसरातील अळंब्यांचा अभ्यास पावेल कालाच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला, आणि कालाच व स्वोबोदा यांनी २००० मध्ये या सर्व साहित्याचा जो आढावा घेतला तो आजही संदर्भ म्हणून वापरला जातो. सार्कोस्फेरा कोरोनेरिया या कवकात आर्सेनिकचे प्रमाण एका किलो कोरड्या वजनामागे हजारो मिलिग्रॅमपर्यंत जाते, हेही याच काळात उघडकीस आले.

हे सर्व संशोधन वाचताना एक गोष्ट जाणवते. त्यातील प्रश्न नेहमी एकच आहे : ही अळंबी खावी काय, आणि खावी तर किती? जर्मनीतील आरोग्ययंत्रणांनी प्रौढ व्यक्तीने रानातील अळंबी आठवड्याला सुमारे २५० ग्रॅमहून अधिक खाऊ नये असा जो सल्ला दिला तो याच संशोधनाचे फलित होय. धातू साठवणे हा अळंबीचा दोष आहे, ही या पर्वातील भूमिका होती. तोच दोष पुढील पर्वात गुण म्हणून सांगितला जाऊ लागला, आणि हे स्थित्यंतर कोणत्याही नव्या मोजमापामुळे झाले नाही.

चेर्नोबिलनंतरची जंगले

२६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिल येथील अणुभट्टीत स्फोट झाला आणि किरणोत्सारी सीझियम युरोपभर पसरले. दक्षिण जर्मनीतील बव्हेरियावर त्या दिवसांत पाऊस पडल्याने तेथील जंगलांत ते अधिक उतरले. सीझियम रासायनिकदृष्ट्या पोटॅशियमसारखे वागते, त्यामुळे कवके ते सहज घेतात. ‘बे बोलीट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तपकिरी टोपीच्या खाद्य अळंबीत ते विशेषच साठलेले आढळले. तिच्या टोपीतील नॉरबॅडिओन नावाचे रंगद्रव्य सीझियमला बांधून ठेवते, असे नंतर दिसून आले.

प्रस्तुत लेखकाच्या मते अळंबीच्या शुद्धीकरणक्षमतेची आजवरची सर्वांत मोठी परीक्षा येथेच झाली, जरी ती कोणी योजलेली नव्हती. लक्षावधी हेक्टर जंगल, शोषून घेण्याची सिद्ध क्षमता असलेल्या जाती, आणि चार दशकांचा कालावधी. कोणत्याही प्रयोगशाळेला न मिळणारी ही सामग्री आहे. अळंबी दर शरद ऋतूत उगवली, तिने सीझियम वर आणले, माणसांनी आणि प्राण्यांनी तिचा काही भाग खाल्ला, उरलेली तेथेच कुजली आणि सीझियम पुन्हा पालापाचोळ्यात मिसळले. जंगल त्यामुळे शुद्ध झाले नाही. उलट, कवकजाल सीझियमला वरच्या थरातच धरून ठेवते आणि खोल जाऊ देत नाही, असे मृदाशास्त्रज्ञांना आढळले. शेतजमिनीत सीझियम चिकणमातीच्या कणांत अडकून पिकांना बव्हंशी दुष्प्राप्य झाले. जंगलात ते फिरत राहिले. जी घट झाली तिचा मोठा भाग सुमारे ३० वर्षांच्या अर्धायुष्यानुसार होणाऱ्या किरणोत्सारी ऱ्हासाचा आहे.

बव्हेरियातील रानडुकरांच्या मांसात किरणोत्साराची मात्रा अनेकदा किलोमागे ६०० बेकेरेल या मर्यादेपलीकडे आढळत राहिली. एलाफोमायसिस नावाच्या कवकाची जमिनीखाली वाढणारी फळे ही डुकरे उकरून खातात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर असे दिसून आले की, या मांसातील सीझियमचा काही भाग चेर्नोबिलचा नसून १९६० च्या दशकातील अण्वस्त्रचाचण्यांचा आहे. म्हणजे साठ वर्षांपूर्वी पडलेले मूलद्रव्य कवके अद्याप फिरवीत आहेत. हे पाहता कवकाला सफाई कामगार म्हणण्यापेक्षा कोठीचा राखणदार म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

एका शब्दाचे स्थलांतर

मग शुद्धीकरणाची कल्पना कोठून आली? ती आली सेंद्रिय प्रदूषकांच्या संशोधनातून. १९८५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात बंपस, टीन, राइट आणि ऑस्ट यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लाकूड पांढरे पाडून कुजवणारे फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम हे कवक डीडीटीसारख्या चिवट कीटकनाशकांचे आणि तत्सम द्रव्यांचे ऑक्सिडीकरण करू शकते, असे त्यांनी त्यात दाखवले. लाकडातील लिग्निन हा निसर्गातील अत्यंत चिवट पदार्थ होय. तो तोडण्यासाठी या कवकांकडे जी विकरे असतात ती फारशी निवड करीत नाहीत आणि रचनेने दूरचे साम्य असलेले मानवनिर्मित रेणूही तोडतात. या शोधाचे महत्त्व निर्विवाद आहे. तेलाने, डांबराने किंवा कीटकनाशकांनी दूषित झालेल्या जमिनीच्या बाबतीत कवक खरोखरच प्रदूषक नष्ट करते; रेणू तुटतो आणि अंतिमतः कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते.

अमेरिकेतील अळंबी-उत्पादक आणि लेखक पॉल स्टॅमेट्स यांनी डिझेलने भिजलेल्या मातीवर धिंगरी अळंबी वाढवण्याच्या प्रयोगांना मोठी प्रसिद्धी दिली. ‘मायकोरिमेडिएशन’, म्हणजे कवकांद्वारे शुद्धीकरण, हा शब्द त्यांच्यामुळे आणि विशेषतः २००५ मधील ‘मायसीलियम रनिंग’ या त्यांच्या ग्रंथामुळे सर्वतोमुखी झाला. शब्द लोकप्रिय झाला की त्याच्या सीमा पुसट होतात. तेलासाठी घडलेला हा शब्द धातूंनाही लावला जाऊ लागला. वस्तुतः धातू हे मूलद्रव्य आहे. कोणतेही विकर शिशाचा अणू तोडू शकत नाही. कवक त्याला एका जागेवरून दुसऱ्या जागी नेऊ शकते, विरघळवू शकते किंवा न विरघळणाऱ्या रूपात बांधू शकते. याखेरीज चौथा मार्ग उपलब्ध नाही.

या स्थलांतराला वनस्पतींच्या क्षेत्रातील घडामोडींचाही हातभार लागला. निकेल मोठ्या प्रमाणात साठवणाऱ्या वनस्पतींसाठी रॉबर्ट ब्रूक्स आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये ‘अतिसंचयी’ या अर्थाची संज्ञा रूढ केली, आणि १९८३ मध्ये रुफस चेनी यांनी अशा वनस्पतींचे पीक घेऊन धातू जमिनीबाहेर काढण्याची कल्पना मांडली. वनस्पती जे करते ते अळंबीही करील, हे अनुमान मग सोपे होते. परंतु वनस्पतीची जमिनीवरील काया दर हेक्टरी कित्येक टन भरते, तर अळंबी हे कवकाचे क्षणिक फळ असून कवकाची बहुतांश काया जमिनीतच राहते. कापणी करता येते ती केवळ फळाची. हा मूलभूत भेद त्या अनुमानात सुटला.

शिशाचा उलटसुलट प्रवास

कवक धातूचे नेमके काय करते, याची सर्वांत बोधप्रद कथा स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठात घडली. १९९० च्या दशकात शिशाने दूषित जमिनीवर फॉस्फेट मिसळण्याचा उपाय पुढे आला होता. फॉस्फेटमुळे शिशाचे पायरोमॉर्फाइट हे खनिज तयार होते. ते जवळजवळ अविद्राव्य असल्याने शिसे कायमचे बंदिस्त झाले असे मानले जाई. १९९९ मध्ये जेफ्री गॅड आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ॲस्परजिलस नायजर हे अगदी सामान्य काळे कवक पायरोमॉर्फाइट विरघळवते आणि शिशाचे ऑक्झॅलेट तयार करते. आपण लोणच्यावर किंवा कांद्यावर जी काळी बुरशी पाहतो त्याच कुळातील हे कवक. ज्या खनिजाच्या स्थैर्यावर सारा उपाय अवलंबून होता ते स्थैर्य या कवकाने मोडीत काढले.

तेरा वर्षांनी, २०१२ मध्ये, गॅड यांच्याच गटाने याच्या विरुद्ध दिशेची प्रक्रिया प्रसिद्ध केली. धातुरूप शिशावर काही कवके वाढवली असता त्यांनी शिशाचे रूपांतर पायरोमॉर्फाइटमध्ये केले. दरम्यान २००८ मध्ये याच गटाने क्षीण युरेनियमच्या तुकड्यांवर कवके वाढून त्या धातूचे युरेनियम-फॉस्फेट खनिजांत रूपांतर होते, असेही दाखवले होते. एकाच सजीवसृष्टीतील जाती एका परिस्थितीत शिसे मोकळे करतात आणि दुसऱ्या परिस्थितीत बांधतात. कोणते आम्ल स्रवते, फॉस्फेट किती उपलब्ध आहे, कोणती जात आहे, यांवर दिशा ठरते. ‘कवक धातू शुद्ध करते’ या विधानाला या दोन शोधनिबंधांनंतर स्वतंत्र अर्थ राहत नाही. कोणते कवक, कोणत्या मातीत, कोणत्या दिशेने, हे सांगितल्यावरच त्याला अर्थ प्राप्त होतो.

थोडा हिशेब

या ठिकाणी एक साधा हिशेब मांडणे उपयुक्त होईल. एक हेक्टर जमिनीचा वरचा २० सेंटिमीटरचा थर घेतला तर त्याचे घनफळ २,००० घनमीटर होते. एका घनमीटरला १.३ टन वजन धरल्यास ती २,६०० टन माती झाली. तीत किलोमागे ३ मिलिग्रॅम कॅडमियम आहे आणि ते १ मिलिग्रॅमवर आणावयाचे आहे, असे समजू. म्हणजे ५.२ किलो कॅडमियम बाहेर काढावयाचे आहे. आता अत्यंत उदार गृहीत धरू : दर वर्षी हेक्टरी २ टन ताजी अळंबी मिळते, तीत ९० टक्के पाणी आहे, आणि उरलेल्या २०० किलो कोरड्या वजनात किलोमागे १०० मिलिग्रॅम कॅडमियम आहे. वर्षाकाठी २० ग्रॅम कॅडमियम बाहेर येईल. ५.२ किलोसाठी २६० वर्षे लागतील. निसर्गात इतके पीक येत नाही आणि बहुतेक जातींत इतके कॅडमियमही नसते, हे लक्षात घेतले तर वास्तव कालावधी याहून दीर्घ ठरतो.

याशिवाय एक व्यावहारिक पेच आहे. अमानिटा, बोलीट यांसारख्या अनेक उत्तम संचयी जाती झाडांच्या मुळांशी सहजीवन करणाऱ्या असून त्यांची हुकमी लागवड होत नाही. ज्या धिंगरीची लागवड आपल्याकडे गवताच्या काडावर सहज होते ती मुळात लाकडावर जगणारी आहे. पिशवीत भरलेल्या काडातील धातू ती घेईल, खालच्या जमिनीशी तिचा संबंधच येत नाही. धातूमिश्रित पाणी घातलेल्या काडावर धिंगरी वाढवून तीत धातू साठल्याचे दाखवणारे प्रयोग पुष्कळ झाले आहेत. त्यांतून धिंगरीच्या अन्नसुरक्षेविषयी महत्त्वाची माहिती मिळते. जमिनीच्या शुद्धीकरणाविषयी फार थोडी मिळते. आणि धातूने भरलेली अळंबी कापल्यावर तिचे करायचे काय, हा प्रश्न बहुतेक प्रकल्प अहवालांत येतच नाही. ती जाळली तर पारा हवेत जाईल. खत केले तर कॅडमियम जमिनीत परत येईल. बाजारात गेली तर काय होईल हे सांगावयास नको. दूषित जमिनीवर अळंबी घेऊन शेतकऱ्याने उत्पन्नही मिळवावे आणि जमीनही सुधारावी, असा दुहेरी लाभ काही ठिकाणी सुचवला जातो. ही सूचना धोकादायक आहे, असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. ज्या प्रमाणात अळंबी शुद्धीकरणास योग्य, त्याच प्रमाणात ती खाण्यास अयोग्य असते.

कवकांचे खरे स्थान

याचा अर्थ कवकांना या क्षेत्रात स्थानच नाही असा नव्हे. दोन वाटा इतिहासात प्रारंभापासून वेगळ्या होत्या आणि दोन्हींचा उगम योगायोगाने १९८१ सालचा आहे. माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात त्सेझोस आणि व्होलेस्की यांनी त्या वर्षी ऱ्हायझोपस या कवकाच्या मृत कायेवर युरेनियम आणि थोरियम कसे चिकटते ते दाखवले. कवकाच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते व ते धातूंना धरते. त्यासाठी कवक जिवंत असण्याची गरज नाही. ही पद्धत सांडपाण्यासाठी उपयुक्त आहे, कारण पाणी कवकाच्या थरातून वाहते ठेवता येते आणि थर नंतर उचलता येतो. जमिनीच्या बाबतीत ते शक्य नाही.

दुसरी वाट शेफील्ड येथील ब्रॅडली, बर्ट आणि रीड यांची. हीदर हे झुडूप तांबे व जस्त यांनी दूषित जमिनीत कसे तग धरते, हा त्यांचा प्रश्न होता. मुळांवर संकवक असलेल्या रोपांच्या खोडापानांत धातू कमी पोहोचतात, कारण ते मुळांजवळच अडवले जातात, असे त्यांना आढळले. येथे कवक धातू बाहेर काढत नाही. ते अडवते, आणि त्यामुळे एरवी उजाड राहिली असती अशी जमीन हिरवी होऊ शकते.

ही दुसरी वाट महाराष्ट्रापर्यंत आली आहे. नागपूर जिल्ह्यातील गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या टाकाऊ मातीच्या ढिगांवर नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, साखर कारखान्यातील प्रेसमड, नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि संकवके यांचा एकत्रित वापर करून वृक्षारोपण केले. गोव्यातील लोहखनिजाच्या खाणपट्ट्यातही संकवकांचा अभ्यास गोवा विद्यापीठातील संशोधकांनी केला आहे. त्याच गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी ‘रोण अळमी’ लोक आवडीने खातात, आणि खाणपट्ट्यातील अळमीत धातू किती उतरतात हा तेथे आरोग्याचा प्रश्न ठरतो. एकाच प्रदेशात कवकांच्या या दोन भूमिका शेजारी शेजारी दिसतात, आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत हे पाहणे अभ्यासकाचे काम आहे.

गुमगावच्या कामात यशाचे माप काय होते, हे येथे पाहण्यासारखे आहे. रोपे किती जगली, मुळे किती वाढली, मातीत सेंद्रिय द्रव्य आणि सूक्ष्मजीव किती आले, ही ती मापे होती. ढिगातील मँगनीज काढून घेण्याचा तेथे हेतूच नव्हता. ते जेथे होते तेथेच राहावे, पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यात किंवा उन्हाळ्याच्या वाऱ्याबरोबर शेजारच्या शेतांत जाऊ नये, यासाठीच ढिगांवर झाडे लावली गेली, आणि त्या झाडांच्या मुळांशी कवके सोडली गेली.